‘प’मधला श्वास

प्रोफेसर वेणीमाधव टोकेकर लंडनला दोन वर्षं राहून आले होते, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस काशीत औषधालाही सापडला नसता. तशी त्यांनी सोयच ठेवली होती. दूधविनायकाच्या गल्लीत भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ‘आम्ही लंडनला असताना’ हे त्यांच्या तोंडून सुटायचंच, आणि भाजीवाला ‘जी परफेसर साहब’ म्हणत दोन मिरच्या जास्त टाकायचा. गल्लीतल्या बायका त्यांना मान देत, पुरुष त्यांचा सल्ला घेत. शरदिनी तेवढी त्यांच्यावर डूख धरून होती. ते मरावेत असं काही तिला वाटत नव्हतं. मेलेला माणूस सुटतो, आणि त्यांना सुटू द्यायची तिची तयारी नव्हती. तिला त्यांना चारचौघांत, इंग्रजी बोलता बोलता, तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. तेरा वर्षं ती एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघत होती.

हे वैर लग्नातल्या मानापानावरून किंवा घराच्या भिंतीवरून लागलेलं नव्हतं. ते लागलं होतं एका ‘प’वरून.

शरदिनीचे वडील दिनानाथभटजी, सगळ्यांचे अण्णा, रामघाटावरचे घनपाठी. वेदाचे शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचा जो अवघड पाठ, तो त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी चुकत नसे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पाठशाळा भरायची. आठ-दहा मुलं, एक घोंगडी आणि अण्णांचा कान. तो कान फार वाईट होता. ‘क’चा ‘ख’ झाला, म्हणजे अल्पप्राणात चुकून श्वास शिरला, तर अण्णा डोळे मिटल्या मिटल्या बोट वर करीत, आणि मुलगा पहिल्यापासून सुरुवात करी. मुलींना तिथे बसायची परवानगी नव्हती, पण कणीक मळायला परवानगी लागत नाही. मधल्या दाराशी परात घेऊन बसलेल्या शरदिनीला दहाव्या वर्षी कळत होतं, की ‘संकल्पा’तला अनुस्वार वेगळा, ‘संतापा’तला वेगळा आणि ‘संपत्ती’तला वेगळा, पुढे जे अक्षर येईल त्याच्या घरचा होऊन तो बसतो.

पाठशाळेचा एक दंडक होता. गुरूने नियम सांगितला की शिष्याने तो सगळीकडे लावायचा. कुठे अपवाद असेल तर तो गुरूने आधी सांगायचा. अपवाद न सांगता शिष्याची चूक काढली तर ती चूक गुरूच्या माथी. अण्णांनी एकदा असा अपवाद सांगायचा राहिला म्हणून दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

शरदिनीचा थोरला भाऊ नरहर या घोंगडीवर वाढला. चौदाव्या वर्षापर्यंत त्याची संहिता पाठ झाली होती आणि आवाज असा, की तो म्हणायला लागला की नावाडी वल्ही थांबवत. पुढे त्याला इंग्रजीची गोडी लागली. अण्णा आधी कुरकुरले, मग म्हणाले, “शीक. शब्द कुठलाही असो, तोंड स्वच्छ ठेव.” नरहर एम.ए.ला पहिल्या वर्गात आला. त्रेपन्न साली शहरातल्या एका कॉलेजात इंग्रजीच्या असिस्टंट लेक्चररची जागा निघाली, आणि नरहरला वर्गावर धडा घेऊन दाखवायला बोलावलं. खात्याचे प्रमुख होते टोकेकर. शरदिनी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि त्याच कॉलेजात इंटरला होती. मागच्या बाकावर बसून ती भावाचा धडा ऐकत होती. अभिमानाने तिची मान ताठ झाली होती.

दहा मिनिटंच नरहर बोलला असेल. मग पहिल्या बाकावर बसलेले टोकेकर उठले आणि म्हणाले, “मिस्टर नरहर, हे ‘पेपर’ काय आहे? हा तर रामघाटावरचा ‘प’ झाला. इंग्रजाच्या ‘प’मध्ये श्वास असतो. तळहात तोंडापुढे धरा. श्वास लागला पाहिजे. पुन्हा.”

नरहरने तळहात धरला. गुरूने नियम सांगितला होता आणि नरहरला दुसरं काही येत नव्हतं. त्याने तो सगळीकडे लावला. ‘पेपर’मध्ये श्वास घातला. ‘हॅपी’मध्ये घातला. ‘स्पिन’मध्ये घातला, ‘स्पून’मध्ये घातला, ‘स्पीच’मध्ये घातला. फळातला ‘फ’ म्हणावा तसा प्रत्येक ‘प’ त्याच्या तोंडून फुटायला लागला. आधी टोकेकर हसले, मग त्यांच्या मागची मुलं हसली, मग सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. टोकेकर म्हणत होते, “पुन्हा.” नरहर पुन्हा म्हणत होता. असं अर्धा तास चाललं. वर्गातल्या मुलांना फुकटचा तमाशा मिळाला होता आणि टोकेकरांना घाई नव्हती, कारण ती जागा त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाला द्यायची हे आधीच ठरलं होतं. शेवटी ते म्हणाले, “बसा. शिंदे घाटावर पंड्याची एखादी जागा रिकामी असेल, तिथे चौकशी करा. यजमानांना तुमचं इंग्रजी चालेल.”

नरहर बसला नाही. खडू टेबलावर ठेवून तो निघून गेला. मागच्या बाकावर शरदिनीने स्वतःचं मनगट इतकं करकचून चावलं होतं की पुढे आठवडाभर तिथे दातांचे वण होते.

त्यानंतर नरहर इंग्रजीचा एक शब्द बोलला नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण तो वेदही म्हणेनासा झाला. अण्णांनी विचारलं तर म्हणाला, “माझ्या तोंडाचा भरवसा नाही अण्णा. मला जे बरोबर वाटतं ते चूक निघतं. देवापुढे चूक म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं.” दुसऱ्या वर्षी तो रेल्वेत पार्सल बाबू म्हणून चिकटला. जायचा, यायचा, जेवायचा. वसंतपूजेला सगळे वैदिक जमून आळीपाळीने म्हणत, तेव्हा अण्णा आपल्या उजव्या हाताची जागा दर वर्षी रिकामी ठेवीत. नरहर दाराशी चपला सांभाळत उभा राही.

आणि टोकेकर? त्यांना काही आठवतही नव्हतं. गल्लीत भेटले की हसून विचारायचे, “काय शरू, नरहर कसा आहे? रेल्वेतच ना? छान, पक्की नौकरी आहे.” शरदिनी “हो काका” म्हणायची. संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायची, त्यांच्या बायकोकडून वाण घ्यायची, तिळगूळ खायची. तो तिळगूळ तिला कडू लागायचा, पण ती खायची. ज्याचा काटा काढायचा त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची सवय मोडू द्यायची नाही, एवढं शहाणपण तिच्यात होतं.

तिने इंग्रजीच घेतलं. एम.ए. केलं, मुलींच्या एका कॉलेजात लागली आणि एकसष्ट साली हैदराबादला इंग्रजी उच्चारांचा डिप्लोमा करायला गेली. बाकीच्या बायका तिथे बढतीसाठी आल्या होत्या. ही आली होती हत्यार शोधायला, आणि हत्यार तिला तिसऱ्याच आठवड्यात मिळालं.

तिथल्या प्राध्यापिकाबाईंनी एका दुपारी टेबलावर मेणबत्ती लावली. खिडक्या बंद केल्या. ज्योतीपासून चार बोटांवर तोंड नेऊन त्या ‘पिन’ म्हणाल्या. ज्योत वाकली. मग ‘स्पिन’ म्हणाल्या. ज्योत हलली नाही. “अक्षर तेच,” बाई म्हणाल्या, “पण शेजार बदलला. शब्दाच्या तोंडाशी ‘प’ आला तर इंग्रज त्याच्यात श्वास घालतो. आधी ‘स’ आला की घालत नाही. आणि त्याला स्वतःला हे ठाऊकही नसतं.” ‘लीफ’मधला ‘ल’ पातळ असतो आणि ‘फील’मधला जाड, ‘की’मधला ‘क’ पुढे येतो आणि ‘कूल’मधला घशाकडे सरकतो, असं त्या पुढे बरंच सांगत होत्या. शरदिनीला ते ऐकू आलं नाही. तिच्या कानात बाकं बडवल्याचा आवाज होता.

म्हणजे अपवाद होता. नरहरला तो सांगितला नव्हता. अर्धा तास त्याला उभं करून त्या माणसाने जी चूक काढली ती स्वतःच्याच अर्धवट नियमाची होती.

तासानंतर तिने बाईंना गाठून विचारलं, “आणि आपल्याकडचा माणूस ‘पिन’मध्येही श्वास घालत नाही, ती चूक मोठी का?”

बाई म्हणाल्या, “चूक कसली? तुमच्या भाषेत बिनश्वासाचा ‘प’ आणि श्वासाचा ‘फ’ हे दोन वेगळे वर्ण आहेत, तुम्ही ते निगुतीने वेगळे ठेवता. लंडनमधल्या एखाद्याला तुमचा ‘पिन’ ऐकून क्षणभर ‘बिन’ वाटेल, इतकंच. इथे करोडो लोक असंच बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. वर्णन करायला शिका, हसायला नको.”

त्या रात्री वसतिगृहात तिने नरहरला पत्र लिहिलं. चार ओळींचंच. ‘दादा, तुझं चुकलं नव्हतं’ इथून सुरुवात केली होती. सकाळी पेटीपर्यंत गेली आणि हात मागे घेतला. नुसतं पत्र कसलं पाठवायचं? कागदावरच्या चार ओळींनी दादाचा पाणउतारा भरून निघणार होता का? आधी त्या माणसाला त्याच मेणबत्तीपुढे उभं करीन, लोकांना हसवीन, आणि मग घरी जाऊन दादाला सगळं एकदम सांगीन. तिने पत्र फाडलं. फाडताना तिला कसलीशी ताकद आल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी, त्रेसष्टच्या पावसाळ्यात, अण्णा गेले. शेवटचे चार दिवस त्यांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत होता. त्यांनी नरहरला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “एकदा म्हण रे. थोडंच. मी बोट वर करणार नाही.” नरहर त्यांच्या उशाशी बसला, दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा नुसताच रडला. शेवटी पाठशाळेतल्या दुसऱ्या एका मुलाने म्हटलं. शरदिनी पायाशी उभी होती. टोकेकरांचा तिला इतका संताप आला होता की वडील जातायत याचं रडूसुद्धा नीट येईना. हेही तुमच्याच माथी, ती मनात म्हणत होती, हेही फेडून घेईन.

टोकेकर तेराव्याला आले होते. दिनानाथभटजींच्या विद्वत्तेवर इंग्रजीत दोन वाक्यं बोलून, जेवून गेले.

सहासष्ट उजाडलं आणि दैव शरदिनीच्या बाजूने झुकलं. काशीत इंग्रजीच्या मास्तरांना शिकवायचं एक नवं केंद्र निघणार होतं. त्याच्या संचालकाची जागा म्हणजे बंगला, गाडी आणि टोकेकरांच्या आयुष्यभराच्या टेंभ्यावर सरकारी शिक्का. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं उरली होती आणि या खुर्चीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. समोर उमेदवार एकच, अलाहाबादचा एक तरुण. निवड समितीत उच्चारांचा जाणकार हवा होता. दिल्लीहून येणारे गृहस्थ आजारी पडले, आणि काशीत तो डिप्लोमा असलेली एकच व्यक्ती होती.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी टोकेकर स्वतः रामघाटावर आले. हातात मलइयोची चार कुल्हडं. माघातली थंडी होती, दुधाचा तो पिवळा फेस अजून तसाच उभा होता.

“घे शरू, ताजी आहे,” ते घोंगडीच्या खोलीत बसत म्हणाले. “उद्याचं काही टेन्शन घेऊ नको हं. फॉर्मेलिटी आहे नुसती. अध्यक्ष आपल्या ओळखीतले आहेत. तू दोन शब्द वाचायला देशील, मी वाचीन. घरचीच माणसं आपण.”

“हो काका,” शरदिनी म्हणाली.

“अलाहाबादचा तो लडका बेकार आहे. उच्चार बघशील त्याचे. अग, लंडनची हवा लागल्याशिवाय ‘प’मध्ये श्वास येतच नाही.”

शरदिनीने कुल्हड उचललं आणि सगळी मलइयो चाटूनपुसून खाल्ली. ही मलइयो मात्र तिला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समिती बसली. मधे अध्यक्ष, निवृत्त शिक्षणाधिकारी, एका बाजूला दोन सभासद, दुसऱ्या बाजूला शरदिनी. दाराशी पाहुणे म्हणून कॉलेजांमधले आठ-दहा मास्तर. टेबलावर तिने घरून आणलेली मेणबत्ती. खिडक्या तिने स्वतः बंद करून घेतल्या. अलाहाबादचा तरुण आधी आला, साधेपणाने वाचून गेला. त्याच्यापुढची ज्योत फारशी हलली नाही, पण त्याने आपण लंडनचे असल्याचा आव आणला नव्हता, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात राहिलं नाही. शरदिनीने त्याला दोनच मिनिटांत मोकळं केलं.

टोकेकर आले. लंडनचा टाय बांधला होता. मेणबत्ती बघून त्यांना गंमत वाटली.

“सर, ‘पिन’ म्हणा,” शरदिनी म्हणाली. समितीत ती त्यांना काका म्हणणार नव्हती.

“पिन,” टोकेकर म्हणाले, आणि ज्योत सपकन वाकली. त्यांनी सभासदांकडे वळून पाहिलं. अध्यक्षांनी मान डोलावली.

“आता हा उतारा वाचा, सर. सहज. वर्गात वाचता तसा.”

तो उतारा शरदिनीने स्वतः लिहिला होता. आठवडाभर बसून. एका पाद्र्याच्या घरी झालेल्या मेजवानीची साधी गोष्ट होती, पण जागोजाग ‘प’ पेरलेला. निम्मे शब्दांच्या तोंडाशी, निम्मे ‘स’च्या पाठीला. टोकेकर वाचायला लागले. एकटा शब्द म्हणताना माणूस सावध असतो, गोष्ट वाचताना त्याची जीभ आईच्या घरी जाते. टोकेकरांची जीभ दूधविनायकाला गेली. ‘पीटर’ आला, ‘पार्टी’ आली, ‘पुडिंग’ आलं. ज्योत देवघरातल्या समईसारखी ताठ उभी होती.

सभासद पुढे वाकून बघायला लागले. टोकेकरांना उताऱ्याच्या मध्यावर कुठेतरी ते दिसलं आणि ते थांबले.

“पुन्हा, सर,” शरदिनी म्हणाली.

त्यांनी घसा खाकरला आणि श्वास घालून वाचायला घेतलं. आता ते सावध झाले होते, आणि सावध माणूस कुठे थांबायचं ते विसरतो. ‘पीटर’ला ज्योत वाकली. ‘पार्टी’ला वाकली. ‘स्पून’ला तर ती विझलीच.

शरदिनीने काडी ओढली. “इथे ‘स’नंतर श्वास नसतो, सर. पुन्हा.”

“अं? हो, हो. म्हणजे, ऑफ कोर्स,” टोकेकर म्हणाले. त्यांचा चेहरा सांगत होता की हे ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ‘स’नंतरचा श्वास आवरायला गेले तर ‘पीटर’मधला गेला. ‘पीटर’मध्ये घातला तर ‘स्पीच’ने ज्योत विझवली. शरदिनी काडी ओढी आणि म्हणे, “पुन्हा.” दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं हसले. मग एका सभासदाने रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांच्या ओळखीचा काही उपयोग होईना, कारण अध्यक्षच पोट धरून हसत होते. टायची गाठ टोकेकरांनी सैल केली होती आणि कपाळावर माघाच्या थंडीत घाम आला होता. शरदिनीने घड्याळ समोर ठेवलं होतं. तिने बरोबर अर्धा तास होऊ दिला.

अध्यक्षांनी डोळे पुसत विचारलं, “शरदिनीजी, यह दोष गंभीर है क्या?”

खरं उत्तर तिला ठाऊक होतं. हा दोष नव्हता. हैदराबादच्या बाई तिथे असत्या तर त्यांनी तिचं प्रमाणपत्र परत मागितलं असतं. अण्णा असते तर त्यांनी बोट वर केलं असतं. हे सगळं तिला कळत होतं आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

“इस पद के लिए, जी हाँ,” ती म्हणाली, “गंभीर है.”

जागा अलाहाबादच्या तरुणाला मिळाली.

जिन्यात टोकेकरांनी तिला गाठलं. रागावलेले नव्हते ते. म्हातारे दिसत होते. “शरू, काय केलंस हे? माझं काय चुकलं होतं ग?”

“नरहरला विचारा.”

“नरहर?” त्यांनी कपाळाला आठ्या घालून खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. “नरहरचं काय?”

“त्रेपन्न साल. त्याचा धडा. तुम्ही त्याला अर्धा तास ‘पुन्हा’ म्हणायला लावलं होतंत.”

“असेल,” ते म्हणाले. “किती तरी मुलं यायची.”

शरदिनी हसली. त्यांना आठवत नव्हतं तर नसो. आजचा दिवस मात्र त्यांना मरेपर्यंत आठवणार होता, आणि तेवढं तिला पुरे होतं. घाटाघाटाने ती घरी निघाली तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नरहरची संध्याकाळची ड्यूटी होती. तो बंडी घालून, पुढच्या खोलीत बसून डबा बांधत होता. शरदिनीने चप्पलसुद्धा काढली नाही. उभ्या उभ्या तिने त्याला सगळं सांगितलं: मेणबत्ती, उतारा, विझलेली ज्योत, पोट धरून हसणारे अध्यक्ष. टोकेकर ‘स्पून’ कसं म्हणाले ते करून दाखवलं. नरहर ऐकत होता. त्याच्या तोंडावर हसू आलं नाही, पण डब्याची कडी लावायचा हात थांबला.

“‘स’नंतर श्वास नसतो?” त्याने विचारलं. पाठशाळेत शंका विचारावी तसं.

“नसतो.”

“त्यांनी मला सांगितलं नव्हतं.”

“त्यांनाच ठाऊक नव्हतं दादा. आज कळलं त्यांना.”

“आणि आपला साधा ‘प’? आधी मी म्हटला होता तो?”

“त्यात काहीच चूक नाही. सगळा देश तसाच म्हणतो. तुझं तोंड स्वच्छच होतं. तुझा कानही बरोबर होता. त्यांनी अर्धा नियम दिला, तू पुरा पाळलास. अण्णांच्या दंडकाने ती चूक त्यांच्या माथी.”

नरहरने भिंतीला पाठ टेकली. तेरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं. ओठ हलले, आवाज नव्हता, पण काहीतरी म्हणून बघत होता तो, आतल्या आत, एकेक अक्षर चाचपून.  याच्यासाठीच तर केला होता सगळा खटाटोप, शरदिनीला वाटलं.

“तुला हे कधी कळलं?” नरहरने विचारलं.

“हैदराबादला. तिसऱ्याच आठवड्यात,” ती भरभरून म्हणाली. “तेव्हाच ठरवलं मी, की आधी त्यांना...”

“एकसष्टात.”

“हो.”

 नरहरने डब्याची कडी लावली.

“अण्णा त्रेसष्टात गेले,” तो म्हणाला.

 अण्णांच्या पायाशी आपण उभ्या होतो, हे शरदिनीला आठवलं. दादाने दोनदा तोंड उघडलं होतं. तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं.

“मला तुला सगळं एकदम सांगायचं होतं,” ती कशीबशी म्हणाली. “त्यांना पाडून.”

“टोकेकरांनी मला अर्धा तास उभं केलं होतं, शरू,” नरहर म्हणाला. “तू पाच वर्षं केलंस.”

त्याने खुंटीवरचा कोट काढला, डबा घेतला आणि तो ड्यूटीवर गेला.